नदी शनिवारी हिरवी होते: शिकागोत पहिल्यांदा सेंट पॅट्रिक्स डे साजरा करणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षी मी सपशेल फसले. २०१५ चा मार्च, १७ तारीख, मंगळवार. ऑफिसातून लवकर निघाले, हिरवा कुर्ता चढवला, दोन मैत्रिणींना जमवलं आणि मिशिगन अव्हेन्यूच्या पुलावर जाऊन उभी राहिले. खाली शिकागो नदी होती, नेहमीचीच, शेवाळी आणि मळकट. अर्धा तास थंडीत कुडकुडल्यावर तिथल्या पोलिसाला विचारलं, "नदी हिरवी कधी करणार?" तो म्हणाला, "शनिवारी केली की!"

त्यानंतर, करोनामुळे सोहळा रद्द झाला तेव्हाचं सोडलं तर, एकही वर्ष चुकवलेलं नाही. दरवर्षी सांगली-पुण्याकडून नव्यानं आलेलं कोणी ना कोणी सोबत असतं आणि त्यांचे प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. माझं मत सुरुवातीलाच सांगते: शहराच्या मध्यभागातली हिरवी गंमत शनिवारी दोन-तीन तासांत उरकायची आणि रविवार वस्तीसाठी नि कोणाच्या तरी घरासाठी राखून ठेवायचा. नुसता शनिवार करून परतणं म्हणजे लालबागच्या गर्दीत उभं राहून घरी यायचं आणि कोणाच्या घरचा गणपती बघायचाच नाही, तसं आहे.

१. आधी तारीख पक्की करा

सेंट पॅट्रिक हा पाचव्या शतकातला संत. रोमन अमलाखालच्या ब्रिटनमध्ये जन्मला, सोळाव्या वर्षाच्या आसपास पळवून आयर्लंडला गुलाम म्हणून नेला गेला, तिथून निसटला आणि पुढे धर्मप्रसारक होऊन तिथेच परत गेला. १७ मार्च ही त्याची पुण्यतिथी. ती तारीख बदलत नाही, पण अमेरिकेत या दिवशी सरकारी सुट्टी नसते. त्यामुळे शिकागोत नदी रंगवणं आणि मोठी मिरवणूक या दोन्ही गोष्टी शनिवारी होतात. १७ तारीख शनिवारी आली तर त्याच दिवशी, नाहीतर आधीच्या शनिवारी. २०२६ मध्ये १७ मार्च मंगळवारी, म्हणून मिरवणूक १४ तारखेला. २०२७ मध्ये बुधवार येतो, म्हणजे नियमाप्रमाणे शनिवार १३ मार्च.

यात आणखी एक खड्डा आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास पुढे जातं आणि शहराच्या दक्षिण भागातली रविवारची वेगळी मिरवणूक बऱ्याचदा नेमकी त्याच रविवारी येते. २०२२ आणि २०२३ ला तसंच झालं होतं, २०२७ लाही तेच दिसतंय. फोन आपोआप वेळ बदलतो, भिंतीवरचं घड्याळ नाही. आम्ही एकदा भिंतीवरच्या घड्याळावर विसंबून गाडी चुकवली आहे.

२. ओळखपत्राची तयारी जानेवारीतच

नवीन आलेल्यांचा खोळंबा इथेच होतो. दारू पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे आणि या दिवशी पबच्या दारातच ओळखपत्र तपासतात, तुम्ही आत जाऊन फक्त सूप पिणार असलात तरी. आपला भारतातला वाहन परवाना बहुतेक ठिकाणी चालत नाही. फोनमधला पासपोर्टचा फोटोही नाही. खरा पासपोर्ट चालतो, पण लाखोंच्या गर्दीत व्हिसा लावलेला पासपोर्ट खिशात घेऊन हिंडू नका. हरवला तर पुढचे कित्येक महिने वकिलातीच्या पायऱ्या झिजवाल.

यावर उपाय म्हणजे इलिनॉय राज्याचं ओळखपत्र. ते 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'च्या कचेरीत मिळतं. लोक बोलताना तिलाच डीएमव्ही म्हणतात. शहरातल्या बऱ्याच कचेऱ्यांत आधी वेळ घ्यावी लागते. जाताना पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद), विद्यार्थी असाल तर आय-२० (कॉलेजनं दिलेला दाखला), आणि पत्त्याचे दोन पुरावे (भाडेकरार, बँकेचं पत्र वगैरे) घ्या. खरं कार्ड नंतर टपालानं घरी येतं. तोवर हातात असतो तो कागद, आणि तो कागद पबचा दरवान मानत नाही. म्हणून म्हटलं, जानेवारीत जा.

ज्यांना प्यायचंच नाही त्यांनी ही पायरी सोडली तरी चालेल. नदी, मिरवणूक आणि चर्च यांना ओळखपत्र लागत नाही.

३. कपडे

मार्चचा शिकागो बेभरवशाचा. कधी कोवळं ऊन, कधी बर्फ, आणि मिशिगन तळ्यावरून येणारा वारा मात्र हमखास. सगळे नवखे एकच चूक करतात: झकास हिरवा टीशर्ट घालतात आणि वरून काळं जॅकेट चढवून चेन लावतात. मग दिवसभर हिरवं काही दिसतच नाही. हिरवी वस्तू सगळ्यात वर हवी. टोपी, मफलर, नाहीतर जॅकेटवरून चढवलेला मोठ्या मापाचा टीशर्ट. हिरवं न घालणाऱ्याला चिमटा काढायची इथे पोरांमध्ये पद्धत आहे.

माझी एक मैत्रीण दोन अंश तापमानात हिरवी पैठणी नेसून आली होती, आत थर्मल घालून. सुंदर दिसली, पण निऱ्या चिखलात माखल्या. त्यापेक्षा हातात हिरवा चुडा भरा. आमच्या ऑफिसातल्या आयरिश वंशाच्या सहकाऱ्याच्या आईला काचेच्या हिरव्या बांगड्यांचं इतकं अप्रूप वाटलं, की पुढच्या वर्षी मी तिच्यासाठी दोन डझन नेल्या.

भगवा फेटा मात्र घरीच ठेवा. आयर्लंडच्या झेंड्यात नारिंगी आहे खरा, पण तो तिथल्या प्रॉटेस्टंटांचा रंग, हिरवा कॅथलिकांचा, आणि मधला पांढरा दोघांमधल्या सलोख्याचा. कोणी भांडायला येणार नाही, पण दिवसभर खुलासे देत बसाल. झेंड्याचंही तसंच. आयर्लंडचा तिरंगा उभ्या पट्ट्यांचा असतो: काठीच्या बाजूला हिरवा, मग पांढरा, शेवटी नारिंगी. उलटा धरलात तर तो आयव्हरी कोस्टचा होतो. २६ जानेवारीचा उरलेला कागदी झेंडा आणून वेळ मारून नेणारे महाभाग मी पाहिले आहेत. तसं करू नका.

४. शनिवार सकाळ: नदी

हा प्रकार १९६२ पासून चालू आहे आणि त्यामागे आहे प्लंबर लोकांची संघटना, लोकल १३०. नदीत कोणाचं सांडपाणी चोरून मिसळतंय हे शोधण्यासाठी प्लंबर मंडळी पाण्यात रंग सोडायची. एकाचे पांढरे कपडे त्या रंगानं हिरवेगार झालेले संघटनेच्या स्टीफन बेली यांनी पाहिले आणि त्यातून आख्खी नदीच रंगवायची कल्पना निघाली. पहिल्या वर्षी १०० पौंड रंग टाकला आणि नदी आठवडाभर हिरवी राहिली. आता सुमारे ४० पौंड वापरतात, तोही वनस्पतिजन्य.

बघण्यासारखी गोष्ट ही, की होडीतून टाकतात ती पूड नारिंगी असते. ती चाळणीतून पाण्यावर भुरभुरवतात, मागून दुसरी होडी पाणी घुसळत जाते, आणि नारिंगी पट्टा बघता बघता पोपटी होतो. हळदीत चुना पडला की तिचं कुंकू होतं ना, तसं काहीसं. पुडीत नेमकं काय आहे ते प्लंबर सांगत नाहीत.

काम सकाळी १० ला सुरू होतं. बघायची जागा म्हणजे स्टेट स्ट्रीट आणि कोलंबस ड्राइव्ह यांच्यामधला वॅकर ड्राइव्हचा वरचा कठडा. पहिल्या रांगेत उभं राहायचं असेल तर साडेआठला हजर व्हा. पाण्याकाठचा रिव्हरवॉक आणि काही पूल पोलीस ऐन वेळी बंद करतात, त्यामुळे त्यांवर भिस्त ठेवू नका. आदल्या दिवशी शहराची सूचना वाचूनच जागा ठरवा.

लहान मूल सोबत असेल तर माझा सल्ला वेगळा आहे. दहाचा हट्ट धरू नका. रंग पडून गेल्यावरही दुपारपर्यंत पाणी गडद हिरवं असतं, संध्याकाळीही चांगलं दिसतं. साडेअकरानंतर लोक मिरवणुकीकडे वळतात आणि कठडा मोकळा होतो. होड्या दिसणार नाहीत, पण मुलाला खांद्यावर घेऊन दीड तास उभं राहणंही वाचेल.

जाण्यायेण्यासाठी गाडी काढूच नका. रस्ते बंद असतात आणि पार्किंगचे दर ऐकून तुमचाच चेहरा हिरवा पडेल. शहरात राहत असाल तर 'एल' या शहरी रेल्वेनं क्लार्क/लेक किंवा तिच्या रेड लाइनच्या ग्रँड स्थानकावर उतरा. नेपरव्हिल, ऑरोराकडचे लोक मेट्रा या उपनगरी रेल्वेच्या बीएनएसएफ मार्गानं युनियन स्टेशनला येतात. त्या दिवशी मेट्राच्या गाड्यांत दारू न्यायला बंदी असते आणि पिशव्या तपासतात. तिकीट फोनवर आधीच काढून ठेवा. स्थानकावर नेटवर्क रांगतं.

आणि स्वच्छतागृह! मिशिगन आणि वॉशिंग्टनच्या कोपऱ्यावर शिकागो कल्चरल सेंटर आहे, प्रवेश फुकट, उघडतं दहाला. तिथे जा. वर मान करून काचेचा घुमटही बघून घ्या.

५. शनिवार दुपार: मिरवणूक

कोलंबस ड्राइव्हवर, बाल्बोपासून उत्तरेला मन्रोपर्यंत. साधारण सव्वाबाराला सुरू होते. प्रेक्षकांना जॅक्सन आणि आयडा बी. वेल्स या रस्त्यांवरून आत सोडतात, पिशव्या तपासून. पैसे लागत नाहीत.

आपल्या माणसाला एक गोष्ट जड जाते. आपण मिरवणूक म्हटलं की तिच्यात चालतो. इथे अडसराच्या अलीकडे उभं राहून बघायचं असतं. बॅगपाइप आणि ढोल घेतलेली पथकं येतात, त्यातलं 'शॅनन रोव्हर्स' हे १९२६ पासूनचं. पाठोपाठ कामगार संघटना, हात हलवणारे पुढारी, आणि कुरळे टोप घालून, हात अंगालगत ताठ ठेवून फक्त पायांनी नाचणाऱ्या मुली. ढोल-ताशा ऐकत वाढलेल्या माणसाचे पाय शिवशिवतात, मान्य आहे. जागच्या जागी नाचा, अडसर ओलांडू नका.

मी स्वतः इथे पाऊण तासापेक्षा जास्त थांबत नाही. अर्धी मिरवणूक म्हणजे चालणारे उमेदवार.

चुकवू नये अशी जागा मात्र पश्चिमेला आहे: ॲडम्स आणि डेसप्लेन्सच्या कोपऱ्यावरचं ओल्ड सेंट पॅट्रिक्स चर्च. ही इमारत १८५६ ची, १८७१ च्या मोठ्या आगीतून वाचलेली. आतल्या खिडक्यांवरची नक्षी बघत बसा. प्रार्थना चालू असेल तर मागे शांत बसायला कोणाची हरकत नसते. फक्त पाद्री पातळ पांढरी चकती हातावर ठेवू लागले की रांगेत जाऊ नका. तो प्रसाद नाही. ती फक्त दीक्षित कॅथलिकांसाठी असते. आमच्यातला एक जण भक्तिभावानं ती घेऊन, कपाळाला लावून, खिशात ठेवून परत आला होता. त्यानंतर जे झालं ते इथे लिहीत नाही.

६. रविवार: दक्षिणेकडे

आयरिश लोक शिकागोत आले ते मुळात खोदकामाला. १८३६ ते १८४८ या काळात इलिनॉय-मिशिगन कालवा खणला गेला, तो मोठ्या प्रमाणात त्यांच्या हातांनी. त्याच सुमारास, १८४५ पासून, आयर्लंडात बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि आणखी दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. कालव्याच्या तोंडाशी, ब्रिजपोर्टमध्ये वस्ती झाली आणि पुढच्या पिढ्या हळूहळू दक्षिणेला सरकत बेव्हर्ली-मॉर्गन पार्कपर्यंत पोचल्या. शनिवारी आपण जी नदी बघतो, तिलाच हा कालवा जोडलेला होता.

बेव्हर्लीची मिरवणूक वेस्टर्न अव्हेन्यूवर १०३ व्या रस्त्यापासून ११५ व्या रस्त्यापर्यंत जाते, रविवारी दुपारी १२ ला. १९७९ साली १७ मुलांनी गल्लीतल्या गल्लीत एक फेरी काढली, त्यातून ही वाढली. २००९ ला दारू पिऊन इतका धुडगूस झाला, की पुढची दोन वर्षं मिरवणूक बंद ठेवली आणि २०१२ ला कडक नियम लावून पुन्हा काढली. रस्त्यावर दारूचा कॅन दिसला की पोलीस उचलतात. परिणाम असा, की आता ती खरोखर घरच्यांची झाली आहे: आज्या खुर्च्या टाकून बसलेल्या, पोरं कँडी गोळा करताहेत, अंगणांत शेगड्या पेटलेल्या.

जायचं कसं: लासाल स्ट्रीट स्थानकावरून मेट्राचा रॉक आयलंड मार्ग पकडा. १०३, १०७ किंवा १११ व्या रस्त्याच्या थांब्यावर उतरून पश्चिमेकडे पंधरा-वीस मिनिटं चाला. मध्ये चढ लागेल. सपाट शिकागोत चढ म्हणजे नवलच, सह्याद्रीच्या माणसाला तो कळणारही नाही. रेड लाइननं ९५ व्या रस्त्यापर्यंतच जाता येतं, तिथून पुढे बस शोधत बसावं लागतं. परतीच्या गाडीची वेळ जातानाच बघून ठेवा, रविवारी गाड्या कमी असतात.

वायव्य भागात राहत असाल तर तिकडेही रविवारी मिरवणूक असते. आणि नॉक्स अव्हेन्यूवरचं आयरिश अमेरिकन हेरिटेज सेंटर बघण्यासारखं आहे. जुन्या शाळेच्या इमारतीत ग्रंथालय, नाचाचे वर्ग, पब सगळं एका छताखाली. पाऊस असेल तर सरळ तिथेच जा.

७. खाण्याचं काय

या सणाचं ठरलेलं ताट म्हणजे कॉर्न्ड बीफ आणि कोबी. कॉर्न्ड म्हणजे खारवलेलं, मक्याशी संबंध नाही. गंमत म्हणजे हे आयर्लंडचं नव्हेच, तिकडे डुकराचं मांस आणि कोबी. अमेरिकेत आलेल्या आयरिश लोकांनी ज्यू खाटकांकडचं खारवलेलं गोमांस घ्यायला सुरुवात केली आणि तेच परंपरा झालं.

गोमांस न खाणाऱ्यांनी नीट वाचा. कोबी, गाजर आणि बटाटे बहुतेक वेळा त्याच भांड्यात, त्याच पाण्यात शिजवलेले असतात. 'मी फक्त कोबी घेतो' म्हणून सुटका होत नाही. शेफर्ड्स पाय (खिम्यावर कुस्करलेला बटाटा पसरून भाजलेला) मूळचा मेंढीच्या मांसाचा, पण अमेरिकन पबमध्ये सर्रास गोमांस घालतात. आयरिश स्ट्यूचंही तेच. बटाट्याच्या सूपमध्ये कोंबडीचं पाणी असू शकतं. प्रत्येक वेळी विचारा. विचारण्यात कमीपणा काही नाही.

निर्धास्त खाता येईल असं काय? कोलकॅनन: कुस्करलेला बटाटा, त्यात कोबी किंवा केल, पातीचा कांदा, दूध, लोणी. बिनफोडणीची बटाट्याची भाजीच ती, पण थंडीत बरी लागते. बॉक्स्टी म्हणजे बटाट्याचं धिरडं. आणि सोडा ब्रेड. अंडं न खाणाऱ्यांनी मात्र शेवटच्या दोन्हींची चौकशी करावी, कारण अमेरिकन घरांत सोडा ब्रेडमध्ये अंडं, मनुका नि शहाजिरं घालायची पद्धत आहे.

हा सण उपवासाच्या दिवसांत, लेंटमध्ये येतो. त्या काळात शुक्रवारी कॅथलिक मांस खात नाहीत. १७ तारीख शुक्रवारी आली (२०१७ आणि २०२३ ला आली होती) की अनेक बिशप त्या दिवसापुरती सूट जाहीर करतात. संकष्टीला लग्नाचं जेवण आलं की आपल्याकडे काय होतं, ते आठवा.

कोणी घरी बोलावलं तर काय खात नाही ते आमंत्रण स्वीकारतानाच सांगा, ताटावर बसल्यावर नाही. आणि रिकाम्या हातांनी जाऊ नका. मी बटाटेवडे नेते, चटणी वेगळी. पहिल्या वर्षी साठ नेले होते, वीस मिनिटांत संपले.

८. सोडा ब्रेड घरी करायचा असेल तर

यीस्ट नाही, फुगायची वाट बघणं नाही. चार कप मैदा (साधारण ५०० ग्रॅम), एक सपाट चमचा खाण्याचा सोडा, एक चमचा मीठ, आणि पावणेदोन कप म्हणजे ४०० मिली बटरमिल्क. ओव्हन आधी ४२५ फॅरनहाइटला तापवा. कोरडं सगळं मिसळा, मध्ये खळगा करून बटरमिल्क ओता, हातानं भराभर गोळा करा आणि थांबा. कणकेसारखं मळायला गेलात तर दगड होईल. आपले हात ऐकत नाहीत, मला माहीत आहे. गोळ्यावर सुरीनं खोल फुली मारा, लगेच ओव्हनमध्ये घाला. १५ मिनिटांनी तापमान ४०० वर आणा आणि आणखी २५-३० मिनिटं ठेवा. खालून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला.

दोन गोष्टींत घोळ होतो. सोडा म्हणजे बेकिंग सोडा, बेकिंग पावडर नव्हे. आणि इथलं बटरमिल्क दाट नि आंबट असतं, आपलं पातळ ताक चालणार नाही. नसेल तर आंबट दही दुधात थोडं सैल करून घ्या.

९. पबमध्ये

शनिवारी नदीच्या उत्तरेकडच्या पबमध्ये मी जात नाही, तुम्हीही जाऊ नका. सकाळपासून रांगा, दारात पैसे, आत प्लास्टिकच्या पेल्यात हिरवी बिअर. आठवड्यातला एखादा शांत दिवस निवडा, जिथे 'सेशन' असेल तिथे जा. पाच-सात जण टेबलाभोवती बसून फिडल, बासरी आणि डफासारखं बौरान वाजवतात. भजनी मंडळात जसं एकानं सुरू केलं की बाकीचे उचलतात, तसंच. त्यांच्या टेबलाच्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी बसू नका, त्या वाजवणाऱ्यांसाठी असतात. जोरजोरात टाळ्यांचा ठेकाही धरू नका.

यातल्या कितीतरी चाली टिकल्या त्या शिकागोच्याच एका पोलिसप्रमुखामुळे. फ्रान्सिस ओनील १९०१ ते १९०५ या पदावर होता. शहरभरच्या आयरिश वादकांकडून गोळा केलेल्या १८५० चाली त्यानं १९०३ मध्ये छापल्या.

बक्षिशी दर पेयामागे एक-दोन डॉलर, जेवण असेल तर बिलाच्या १८ ते २० टक्के.

आता गंभीर भाग. रस्त्यावर उघडी बाटली घेऊन फिरणं शिकागोत बेकायदा आहे. पिऊन गाडी चालवताना पकडले गेलात, तर कोर्टाचा निकाल लागायच्या आधीच तुमचा व्हिसा रद्द होऊ शकतो. एक बिअर पोटात असली तरी चावी घरीच राहू द्या. गांजा इलिनॉयमध्ये २०२० पासून कायदेशीर असला तरी केंद्राच्या कायद्यानं नाही, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड हा सगळा केंद्राचा मामला. मित्रांनी दिला तरी नको म्हणा.

१०. बोलण्यातले खड्डे

'सेंट पॅडीज' म्हणा, 'पॅटीज' नको. पॅडी हे पॉड्रिगचं, म्हणजे आयरिश भाषेतल्या पॅट्रिकचं, लाडकं रूप, पॅटी हे बाईचं नाव.

तीन पानांचं ते शॅमरॉक. चार पानांचं निराळं, ते नशिबाचं. पॅट्रिकनं म्हणे तीन पानांच्या देठावरून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच कसे हे समजावलं. बेलाचं पान हाताळलेल्या माणसाला हे कोणी वेगळं समजावायला नको. मार्चमध्ये दुकानांत शॅमरॉक म्हणून ज्या कुंड्या विकतात त्यात बहुधा आपल्या आंबुशीची चुलत बहीण असते.

पेला उचलताना 'स्लॉन्चा' म्हणतात, म्हणजे आरोग्य लाभो. 'कार बॉम्ब' नावाचं पेय आयरिश माणसासमोर मागवू नका, उत्तर आयर्लंडात त्या बॉम्बनी खरी माणसं मेली आहेत. 'ब्लॅक अँड टॅन'ही नको. १९२० च्या सुमाराला ब्रिटिशांनी आयर्लंडात पाठवलेल्या, जुलमासाठी कुप्रसिद्ध असलेल्या दलाचं ते नाव. बटाट्याच्या दुष्काळावर विनोद तर अजिबात नको, बटाटेवडा हातात देताना सुद्धा. मी एकदा केला होता. टेबल गप्प झालं आणि त्या घरच्या आजींनी कोणता पूर्वज कोणत्या जहाजावर दगावला ते शांतपणे सांगितलं.

निघताना खिशात आणि पिशवीत

राज्याचं ओळखपत्र, आय-९४ ची छापील प्रत, 'एल' नि बससाठी व्हेंट्रा कार्ड, थोडी रोख रक्कम, भरलेली पॉवर बँक, हातमोजे, पाण्याची बाटली. मुलांसाठी कपड्यांचा एक जोड जास्तीचा. छोटीच पिशवी घ्या, मोठ्या पिशवीपायी तपासणीच्या रांगेत खोळंबाल. सगळे मिळून एक भेटायची जागा ठरवा, कारण नदीकाठी फोन लागत नाही. आमची ठरलेली जागा कल्चरल सेंटरचं वॉशिंग्टन स्ट्रीटकडचं दार. जो चुकतो तो तिथे उभा राहतो, आणि बाकीचे त्याला शोधायला जात नाहीत, तिथेच येतात.